गाश्शो घरांतील सुलेखन: वारसा की सजावट?

चौकटवाला: जपानमधील शिराकावा-गोच्या परिसरातील एका जुन्या गाश्शो, म्हणजे तीव्र उताराच्या गवती छपराच्या, शेतघरात भरलेले सुलेखनाचे प्रदर्शन पाहून मी अस्वस्थ झालो. या घरांच्या माळ्यांवर रेशीमकिडे पोसले जात आणि जमिनीखाली बंदुकीच्या दारूसाठी सोरा पिकवला जाई. अशा कष्टाच्या जागी दरबारातील आणि झेन मठांतील कला टांगणे हा पर्यटकांसाठी केलेला साज आहे.

बोरूवाला: सुलेखन दरबाराचेच, हे तुम्ही कशावरून ठरवले? जोदो शिन्शू या बौद्ध पंथाचे गुरू रेन्न्यो (१४१५–१४९९) यांनी अमिदा बुद्धाच्या नामाचे पट स्वतः लिहून गावोगावच्या अनुयायांना दिले, आणि शिराकावा व गोकायामा ही त्याच पंथाची खोरी आहेत. जिथे शेतकरी लिहिलेल्या नामापुढे हात जोडत आला, तिथे अक्षर परके कसे? विसाव्या शतकातील सुलेखनकार इनोऊए युइची तर प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि ‘दारिद्र्य’ या अर्थाचे एकच अक्षर त्यांनी पुनःपुन्हा लिहिले.

नागोयावासी: तुम्ही दोघेही कागदाला विसरलात. इरोरीच्या, म्हणजे घराच्या मध्यावरील चुलीच्या धुराने छपराचे गवत आणि दोरखंड किडीपासून वाचतात, पण त्याच धुराने पट पिवळा पडतो. पट टांगायचा असेल तर चूल बंद करावी लागते आणि चूल बंद राहिली की छप्पर लवकर खराब होते.

बोरूवाला: शाई काजळीचीच असते, ती धुराने उडत नाही.

नागोयावासी: शाईचे मी बोललेच नाही, कृपया वाचून उत्तर द्या. गिफूमधील माझ्या सासरी पट तोकोनोमात, म्हणजे बैठकीच्या खोलीतील खास कोनाड्यात, एका वेळी एकच लागतो. सासूबाई ऋतू पालटला की तो उतरवतात, गुंडाळून लाकडी पेटीत ठेवतात आणि कोरड्या हवेच्या दिवशी वारा देतात. महिनोन्‌महिने दिव्याच्या झोतात पट टांगून ठेवणारे आयोजक त्याची हानीच करतात.

चौकटवाला: तोकोनोमाचेच म्हणाल, तर एदो काळात (१६०३–१८६८) सामान्य शेतकऱ्यांच्या घरांवर अशा बांधकामाचे निर्बंध होते, अधिकाऱ्यांचे स्वागत करणाऱ्या गावप्रमुखाची गोष्ट वेगळी. म्हणजे माझा मुद्दा कायमच आहे.

बोरूवाला: तो कोनाड्यापुरता कायम आहे. नामाचा पट कोनाड्यात नव्हे, देवघरात असे आणि त्यासाठी गावप्रमुख असण्याची गरज नव्हती. देवघर वगळून शेतघराचा इतिहास सांगणे हा त्या माणसांवरचा अन्याय आहे. गावकरी ‘युइ’च्या, म्हणजे परस्पर मदतीच्या, परंपरेने एकत्र येऊन छप्पर शाकारतात, तेव्हा त्यांचे कष्ट आणि त्यांची श्रद्धा वेगळी काढता येत नाही.

चौकटवाला: रेन्न्योंचा मुद्दा मी मान्य करतो, नाइलाजाने का होईना. पण मी पाहिलेल्या प्रदर्शनात नामाचा एकही पट नव्हता. भिंतभर आधुनिक कागद होते आणि रेशीमकिड्यांच्या परड्या कोपऱ्यात सरकवलेल्या होत्या. त्याला तुम्ही वारसा म्हणणार का?

बोरूवाला: परड्या हलवायला नको होत्या, हे मान्य. आधुनिक कागद काढावेत, हे मात्र मी मान्य करणार नाही.

नागोयावासी: आणि ते कागद टिकावेत म्हणून चूल विझवली जात असेल, तर मी दोघांच्याही विरुद्ध आहे.