कागदावर हिंदू लिहू का? मुलाच्या ॲडमिशनसाठी घरातूनच दबाव येतोय

प्रवराकाठ:
सर्वांना सलाम. आम्ही नगर जिल्ह्यातले, मी कारखान्यात क्लार्क आहे. आजोबांच्या वेळी घराणं ख्रिस्ती झालं, माझा बाप्तिस्मा झालाय, लग्न चर्चमध्ये झालं, मुलाचाही बाप्तिस्मा आणि दृढीकरण झालंय, सगळं मंडळीच्या रजिस्टरात आहे. पण वडिलांनी शाळेत माझं नाव घालताना हिंदू महार लिहून दिलं होतं, त्या काळी पुष्कळांनी तसं केलं, त्यामुळे माझा दाखलाही हिंदू आणि मुलाचाही हिंदू. आता पोरगा बारावी झाला, इंजिनियरिंगला जायचंय, मार्क बरे आहेत पण ओपनला चांगलं कॉलेज लागेल एवढे नाहीत. मेहुणा रोज फोन करतो की दाजी, आजोबांचा १९४६ चा शाळेचा उतारा आहे, एससीचा दाखला आरामात निघतो, फक्त ॲफिडेव्हिटवर आम्ही हिंदू आहोत असं लिहून सही करायची. एजंट म्हणाला चर्चचं रजिस्टर कोण बघायला येतंय, आणि जातपडताळणी समितीचं दक्षता पथक घरी आलंच तर त्या दिवसापुरती दारावरची बायबलमधल्या यहोशवाच्या २४ व्या अध्यायातल्या वचनाची (मी आणि माझं घराणं परमेश्वराची सेवा करू) पाटी काढून ठेवा आणि एखादा गणपतीचा फोटो लावा.
त्या पाटीवरच माझं अडकलंय. ती माझ्या आईने लावलेली. बायको म्हणते सही करायची नाही, वडील म्हणतात मी केलं तेव्हा तुझ्यासाठीच केलं, आता तू तुझ्या पोरासाठी कर, देव मन बघतो कागद नाही. पोरगा काहीच बोलत नाही, ते जास्त लागतंय. काय करावं?

शांताराम_जालना:
दादा, राग मानू नका पण मी तुमच्या मेहुण्याच्या बाजूने बोलणार. मुळात अन्याय कुणी केला ते बघा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात एससी म्हणजे फक्त हिंदू असं धरलं, १९५६ ला शीख घेतले, १९९० ला बौद्ध घेतले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. आमच्या गावात एकाच आळीत दोन सख्ख्या चुलत भावांची घरं आहेत, एक बौद्ध एक ख्रिस्ती, पाण्याची लाईन एक, जमीन दोघांनाही नाही, गावाने दोघांना वागवलं सारखंच. एकाची पोरगी शिकून नोकरीला लागली, दुसऱ्याची ऊस तोडायला जाते. २००७ ला रंगनाथ मिश्रा आयोगाने सांगितलं की धर्माची अट काढा, झालं काय? २०२२ ला परत बालकृष्णन आयोग बसवला. तोपर्यंत पोरांची वयं थांबतात का?
आणि शास्त्रातलंच बोलायचं तर बायबलमधलं २ राजे ५ वाचा. अरामी सेनापती नामान खऱ्या देवाकडे वळल्यावर अलीशा संदेष्ट्याला म्हणतो की माझा धनी रिम्मोन देवाच्या देवळात माझ्या हातावर टेकून जातो तेव्हा मलाही वाकावं लागतं, एवढी क्षमा असावी, आणि अलीशा त्याला रागावत नाही, शांतीने जा म्हणतो. मग तुमच्या सहीला एवढं का घाबरायचं?

कागदपत्र_ताई:
मी वकिलाकडे कामाला आहे, जातपडताळणीच्या फायली रोज हाताखालून जातात, म्हणून आधी धोका सांगते. महाराष्ट्राचा जातप्रमाणपत्राचा कायदा आहे २००० सालचा. खोटी माहिती देऊन प्रमाणपत्र घेतलं असं सिद्ध झालं तर ॲडमिशन जाते, डिग्री मिळाली असेल तर तीही रद्द होते, घेतलेली स्कॉलरशिप वसूल होते आणि सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. सुप्रीम कोर्टाने २०१७ ला सांगितलंय की किती वर्षं नोकरी झाली म्हणून दया नाही. आणि नोव्हेंबर २०२४ चा पुद्दुचेरीचा निकाल तर अगदी तुमच्यासारखा, बाई बाप्तिस्मा झालेली, चर्चला जाणारी, नोकरीसाठी हिंदू म्हणून एससीचा दाखला मागत होती. कोर्टाने नाकारला आणि म्हटलं की श्रद्धा नसताना फक्त आरक्षणासाठी धर्म बदलला म्हणणं ही राज्यघटनेशी फसवणूक आहे. तिथे बाप्तिस्म्याची नोंद पुढे आली होती, एजंटला सांगा.
खरं लिहून जे मिळतं ते आधी बघा ना. उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल आणि दुसरं कुठलं आरक्षण लागू नसेल तर ईडब्ल्यूएस म्हणजे आर्थिक दुर्बलांचं आरक्षण ख्रिस्ती माणसालाही मिळतं. ख्रिस्ती अल्पसंख्याक दर्जाची कॉलेजं आहेत, त्यांचा कोटा वेगळा असतो, अल्पसंख्याक स्कॉलरशिप आहे. एससीतून ख्रिस्ती झालेल्यांना ओबीसीत काय लागू होतं ते समाजकल्याणला स्वतः जाऊन विचारा, एजंटला नको. मात्र या सगळ्यासाठी दाखल्यावरची धर्माची नोंद खरी करून घ्यावी लागेल, त्याला वेळ लागतो, म्हणून आजच हला.

नाव_नको:
मी ही सही केलेली आहे. बरीच वर्षं झाली, सरकारी नोकरीत आहे, पकडलो गेलो नाही, म्हणून कायद्याच्या भीतीचं मी बोलत नाही. दुसरं सांगतो. मुलगी झाली तेव्हा पाळकसाहेबांना म्हणालो बाप्तिस्मा घरी द्या आणि रजिस्टरात नाव घालू नका. ते गप्प राहिले, मग म्हणाले की नोंद न करता मला देता येणार नाही, तुला हवं तेव्हा ये, दार उघडं आहे. मी गेलोच नाही. नाताळला दुसऱ्या तालुक्यातल्या चर्चला जातो, मागच्या बाकावर बसतो, फोटोत येत नाही. आई वारली तेव्हा ख्रिस्ती स्मशानभूमीत ऑफिसचे लोक येतील म्हणून मी माती द्यायला पुढे झालो नाही, झाडाखाली उभा राहिलो, धाकट्या भावाने सगळं केलं. मुलगी आता मोठी झाली, तिने एकदा विचारलं बाबा आपण नक्की कोण आहोत, मला उत्तर देता आलं नाही.
दादा तुमचे वडील म्हणतात ना देव मन बघतो, खरं आहे, बघतो, पण माझं मनच हळूहळू त्या कागदासारखं झालं. सही एकदाच करायची असं वाटतं पण ती रोज करावी लागते. आणि शांतारामभाऊ, पेन्शन धरून माझं सगळं घर त्या सहीवर उभं आहे, आता मागे कसं फिरू ते मला कळत नाही, म्हणून ज्यांनी अजून केलेली नाही त्यांना हात जोडून सांगतो.

वसईचा_मिस्साकरी:
जय ख्रिस्त. आम्ही कॅथलिक, आमच्या बायबलमध्ये मक्काबींची पुस्तकं आहेत, तुमच्या प्रतीत नसतील म्हणून गोष्ट सांगतो. २ मक्काबी ६ मध्ये एलाजार नावाचा नव्वद वर्षांचा यहुदी शास्त्री आहे, डुक्कर त्यांना निषिद्ध, राजाच्या हुकमाने त्याला डुकराचं मांस खायला लावत होते. त्याचे ओळखीचे अधिकारी त्याला बाजूला घेऊन म्हणाले तुला चालतं ते मटण तू घरून आण आणि फक्त राजाने दिलेलं खाल्लं असं दाखव, सुटशील. म्हणजे पापसुद्धा करायचं नाही, नुसतं दाखवायचं. तो म्हणाला मी असं केलं तर पोरांना वाटेल की एलाजार नव्वदीत फिरला, माझ्या थोड्या दिवसांच्या जगण्यासाठी ती पोरं फसतील. त्यासाठी त्याने मरण घेतलं. तुमचा पोरगा गप्प आहे म्हणालात ना, मला तर तो तुमच्याकडेच बघत असणार असं वाटतं.
आणि कागदाचं म्हणाल तर हा प्रश्न मंडळीला नवा नाही. इ.स. २५० मध्ये डेशियस बादशहाने हुकूम काढला की प्रत्येकाने रोमी देवांना बळी द्यायचा आणि अधिकाऱ्यांसमोर तसं केल्याचा दाखला घ्यायचा. इजिप्तमध्ये असे पपायरसवरचे खरे दाखले सापडलेत, मी नेहमी देवांना बळी देत आलोय आणि आत्ताही तुमच्यासमोर दिला असा मजकूर, खाली सह्या. काही ख्रिस्ती लोकांनी बळी दिला नाही पण पैसे चारून नुसता दाखला विकत घेतला, मनात येशू आणि हातात कागद, अगदी तुमच्या एजंटचाच मार्ग. छळ थांबल्यावर कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि बाकीचे बसले आणि ठरवलं की नुसता कागद घेणं हेसुद्धा नाकारणंच आहे. पण, हे नाव_नको भाऊंसाठी लिहितोय, त्या लोकांना हाकलून दिलं नाही. एकेकाची परिस्थिती विचारून, पश्चात्ताप ऐकून परत आत घेतलं, प्रत्यक्ष बळी दिलेल्यांपेक्षा लवकर घेतलं. भाऊ, तुमचे पाळकसाहेब दार उघडं आहे म्हणाले होते. नोकरीचं काय ते नंतर वकिलाशी बोलता येईल, आधी तिथे जा, मुलीला घेऊन जा.
शांतारामभाऊ, अन्यायाबद्दल तुमचं शंभर टक्के खरं आहे आणि त्यासाठी मोर्चा निघाला तर मी येईन. पण नामानाने आपली अडचण संदेष्ट्याला आधी तोंडाने सांगितली, लपवली नाही. आणि शांत मनाने सांगा, एलाजाराला ते नामानाचं उदाहरण माहीत नसेल का?

शांताराम_जालना:
माझ्या बहिणीची पोरगी ऊस तोडते हो, म्हणून बोललो. नाव_नको भाऊ, तुमचं वाचून रात्री झोप नाही आली. मी आग्रह मागे घेतो, राग मागे घेत नाही.

प्रवराकाठ:
सगळ्यांचे आभार. काल उपासनेनंतर पोराला घेऊन बसलो, हे सगळं त्याला वाचून दाखवलं. त्याने फक्त विचारलं, पाटी काढली असती तर परत लावली असती का? मी म्हटलं माहीत नाही. मेहुण्याला फोन करून नाही सांगितलं, तो चिडलाय, बहिणीला म्हणजे माझ्या बायकोला बोलला की तुम्ही पोराचं वाटोळं करताय. वडील जेवले नाहीत रात्री. सकाळी मात्र स्वतःच माझ्या बाप्तिस्म्याचा जुना दाखला ट्रंकेतून काढून टेबलावर ठेवून गेले, काही बोलले नाहीत.
ताई, उद्या सुट्टी टाकलीये, आधी शाळेत धर्माच्या नोंदीचं विचारतो, मग उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला. ख्रिस्ती कोट्याच्या कॉलेजला चर्चचं पत्र लागतं का बाप्तिस्म्याचा दाखला चालतो, तेवढं सांगा.