मदत हवी आहे: एकच यूएसबी क्रमांक सांगणारे दोन ग्राफिंग कॅल्क्युलेटर वेगळे कसे ओळखू?

नमस्कार मंडळी,

मी ऐरोलीत राहते. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) अभ्यासक्रम घेतलेली आसपासची मुलं शनिवारी माझ्याकडे गणिताला येतात. ग्राफिंग कॅल्क्युलेटर महाग असतो आणि बारावी झाली की घरात पडून राहतो. म्हणून पुढे गेलेल्या मुलांकडून जुने मागून घेते आणि नव्यांना वापरायला देते. देण्याआधी मेमरी पुसावी लागते, पण आधीच्या मुलांनी त्यात लिहिलेले प्रोग्रॅम मला जपायचे आहेत. एका मुलीने तर संख्याशास्त्राचा अख्खा प्रकल्प त्यात केलाय. तो माझ्या हातून पुसला जाऊ नये.

लॅपटॉपवरच्या उबुंटूवर (लिनक्स) पायथॉनची छोटी स्क्रिप्ट लिहिली आहे. हबला (एका यूएसबीला अनेक उपकरणं जोडायचा डबा) जोडलेला प्रत्येक कॅल्क्युलेटर ओळखायचा आणि त्याच्या नावाचा फोल्डर करायचा, एवढंच तिचं काम. निर्माता क्रमांक ०४५१ दिसला की टीआय (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनी), असं धरलंय. टीआय-८९ टायटेनियम (उत्पादन क्रमांक ई००४) आणि साधा टीआय-८४ प्लस (ई००३) बरोबर ओळखले जातात. अडचणी तीन:

१. ८४ प्लस सिल्व्हर एडिशन आणि रंगीत पडद्याचा ८४ प्लस सीई, दोन्ही ई००८ सांगतात. एलएसयूएसबी (जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देणारी आज्ञा) तर सीईलाही ‘सिल्व्हर’च म्हणतं.
२. जोडते चार, स्क्रिप्ट मोजते पाच.
३. टीआय-८३ प्लसला यूएसबीचं भोकच नाही. सिल्व्हरलिंक केबलने जोडला तर ई००१ येतं. हा त्याचाच क्रमांक का?

प्रतिसाद १

ताई, तिसऱ्यापासून सांगतो. ई००१ ही केबलची ओळख आहे. तिच्या दुसऱ्या टोकाला ८३ प्लस असो की दुसरं काही, लॅपटॉपला फक्त केबल दिसते.

पाचवा बहुधा तुमचा हबच. टीआय हबच्या चिपही बनवते आणि त्यांचाही निर्माता क्रमांक ०४५१ असतो. नुसत्या निर्मात्यावर जाऊ नका, उत्पादन क्रमांकही तपासा.

एलएसयूएसबी दाखवतं ते नाव तुमच्या लॅपटॉपवरच्या यादीतलं असतं, कॅल्क्युलेटरने सांगितलेलं नव्हे. ई००८ वाले वेगळे करायचे तर कॅल्क्युलेटरलाच विचारावं लागेल. टिल्प (टीआय कॅल्क्युलेटर संगणकाला जोडणारा प्रोग्रॅम) हेच करतं: जोडणी झाली की उत्पादनाचं नाव मागवतं. तुमच्या स्क्रिप्टनेही तिथूनच नाव घ्यावं.

प्रतिसाद २

एक भर. फोल्डरला मॉडेलचं नाव देऊ नका. उद्या दोन सीई आले की एकाचा बॅकअप दुसऱ्यावर बसेल. ८३ प्लस आणि ८४ प्लसवर सेकंड, मेम, अबाउट दाबलं की प्रत्येकाचा वेगळा आयडी दिसतो, तो फोल्डरला द्या.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. हब काढून एकेक जोडला, पाचवा खरंच हब होता. आयडीचं तर डोक्यातच आलं नव्हतं, आणि माझ्याकडे दुसरा सीई पुढच्या शनिवारीच येणार आहे. आज रात्री फोल्डरांची नावं बदलते. तोवर एकही कॅल्क्युलेटर पुसणार नाही.