दुधाळ गिअर ऑइल: आधी वॉशर बघा

आउटबोर्डच्या (बोटीच्या मागे बाहेरून लावतात त्या इंजिनाच्या) खालच्या भागातलं गिअरचं तेल दुधाळ निघालं म्हणून तुम्ही थेट सगळी सीलं (पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी कड्या) बदलायला निघालाय. जरा थांबा. पाणी आत शिरलंय हे खरं, पण ड्रेन स्क्रूखालचा (तेल काढायच्या भोकाच्या स्क्रूखालचा) चपटा, दबलेला जुना वॉशर काढून बघितलात का? तो दर वेळी नवाच टाकायचा असतो. माझ्याकडे दोन वर्षं तोच वॉशर परत बसत होता (आळस, दुसरं काय!) आणि तेलाची पार लस्सी झाली होती.

वॉशर ठीक असेल तर प्रोपेलर उतरवा. शाफ्टवर मासेमारीची नायलॉनची दोरी गुंडाळलेली सापडली, तर सील तिनेच कापलंय असं समजा.

नवीन तेल वरून ओतू नका, आत हवा अडकते. खालच्या भोकातून पंपाने हळूहळू चढवा. वरच्या भोकातून बुडबुडे थांबून नुसतं तेल येऊ लागलं की आधी वरचा स्क्रू लावा, मग पंप काढून चटकन खालचा. या क्रमाने तेल फारसं गळत नाही. ड्रेन स्क्रूच्या चुंबकावर करडी बारीक पूड दिसली तर घाबरू नका, धातूचे कण टोचायला लागले तर मात्र मेकॅनिक गाठा.

खालचा भाग उतरवलाच, तर इम्पेलरही (इंजिन थंड ठेवणारं पाणी चढवणाऱ्या पंपाचं रबरी पात्यांचं चाक) बदलून टाका. एखादं पातं तुटलेलं असेल तर तो तुकडा शोधल्याशिवाय जोडणी करू नका, नाहीतर तोच पुढे इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची वाट अडवतो.