मदत हवी आहे: सर्बियन विहीणबाईंना वाढदिवसाच्या शुभेच्छा कशा देऊ?

नमस्कार मंडळी,

लेकीचं सासर सर्बियात, नोव्ही सादला. पुढच्या महिन्यात तिच्या सासूबाईंना साठ वर्षं पूर्ण होतात आणि आम्ही दोघं पहिल्यांदाच त्यांच्या घरी जाणार आहोत. शुभेच्छा मला त्यांच्याच भाषेत द्यायच्या आहेत. लेक म्हणते, "आई, मराठीत बोल, त्यांना चालेल." त्यांना चालेल हो, मला चालणार नाही.

कारण सांगते. गेल्या 19 डिसेंबरला व्हिडिओ कॉल केला. टेबलावर नक्षी काढलेला मोठा गोल पाव, शेजारी पेटलेली उंच मेणबत्ती, घर माणसांनी भरलेलं. मला वाटलं, व्याह्यांचा वाढदिवस. जावयाच्या तोंडून ऐकलेलं 'स्रेचान रोजेंदान' आठवत होतं, ते मोठ्यानं म्हणून टाकलं. सगळे क्षणभर गप्प झाले. मग विहीणबाई हसून 'ह्वाला' म्हणाल्या, म्हणजे धन्यवाद. तो वाढदिवस नव्हता, 'स्लावा' होती, हे नंतर कळलं. त्यांनी सांभाळून घेतलं, पण मला रात्री झोप लागली नाही.

तर उच्चार नीट कसा करायचा? अरे-तुरे की अहो-जाहो? काय न्यावं? आणि मला त्यांचं औक्षण करायचं आहे, ते त्यांना विचित्र तर वाटणार नाही ना?

प्रतिसाद १

ताई, मी बेलग्रेडला राहते. आधी 19 डिसेंबरचं मनातून काढून टाका. ती संत निकोलसची स्लावा, सगळ्यात जास्त घरांत हीच असते. स्लावा म्हणजे घराण्याच्या रक्षक संताचा दिवस. बापाकडून मुलाकडे येतो, आपल्या कुलदैवतासारखा. 2014 साली युनेस्कोनं तिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्या दिवशी 'स्रेच्ना स्लावा' म्हणायचं. स्लावेला आमंत्रण देत नाहीत, ज्यांना माहीत आहे ते आपणहून येतात. वाढदिवसाला मात्र बोलावतात, आणि ज्याचा वाढदिवस तोच सगळ्यांना खाऊ घालतो. हॉटेलात गेलात तर बिलाला हात लावू नका, त्यांना वाईट वाटेल.

तुमचं वाक्य: 'स्रेचान वाम रोजेंदान.' 'वाम' म्हणजे तुम्हाला, आदरानं. एकेरीत 'ति' म्हणतात, त्यावर त्यांना स्वतःहून येऊ द्या. कार्डावर लिहिताना 'वाम'चं पहिलं अक्षर मोठं काढतात, मान म्हणून. 'चा' मात्र चमच्यातल्यासारखा नको, चिमणीतल्या 'च'सारखा हवा. आपली जीभ तिथे हमखास घसरते, दहा वेळा म्हणून बघा. 'रोजेन' म्हणजे जन्मलेला, 'दान' म्हणजे दिवस. पुढे 'स्वे नाइबोल्ये' जोडा, सगळं उत्तम होवो.

आणि एक गोष्ट, जी मला या भाषेत फार आवडते. इंग्रजीत विहिणीला शब्दच नाही. सर्बियनमध्ये आहे: 'प्रिया'. दिराला 'देवेर', सुनेला 'स्नाहा', नणंद आणि जाऊ यांनाही वेगवेगळे शब्द. हाक मारताना नाव बदलतं, आपल्या संबोधन विभक्तीसारखंच. मिलन नावाच्या माणसाला 'मिलाने' म्हणतात, तशी प्रियाची होते 'प्रियो'. म्हणून सुरुवात करा, 'द्रागा प्रियो', प्रिय विहीणबाई. नाव घेऊन बोललात तर पाहुण्या वाटाल, 'प्रियो' म्हणालात की घरच्या.

भेटल्यावर गालाला गाल तीनदा लावतात. दोनवर थांबू नका.

प्रतिसाद २

माझी सून सर्बियातल्याच निश शहरातली आहे. फुलं जरूर न्या, पण विषम संख्येत. सम संख्येची फुलं मयताला नेतात. आपण एकावन्न, एकशे एक देतो ना, तसंच समजा. सोबत चॉकलेटचा डबा किंवा कॉफीचं पाकीट पुरे. चपला दारातच काढायच्या, घरात घालायला सपाता देतात.

गेल्यावर 'स्लात्को' येईल, फळांचा घट्ट मुरंबा आणि पाण्याचा पेला. एकच चमचा घ्यायचा, वर पाणी प्यायचं आणि चमचा रिकाम्या पेल्यात ठेवायचा. मला पहिल्यांदा गूळ-पाणीच आठवलं.

औक्षण करा. आम्ही केलं आहे. त्यांच्या चर्चमध्ये जिवंत माणसांसाठी मेणबत्ती वरच्या बाजूला लावतात, गेलेल्यांसाठी खाली. म्हणून निरांजन ओवाळताना 'झा झ्द्राव्ल्ये' एवढं म्हणा, आरोग्यासाठी. आमच्या विहीणबाईंनी नंतर स्वतःच ताम्हन हातात घेऊन सुपारी, अंगठी, अक्षता एकेक करून विचारलं. कुंकू लावण्याआधी लेकीकडून त्यांना सांगून ठेवा म्हणजे झालं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. 'द्रागा प्रियो, स्रेचान वाम रोजेंदान.' सकाळपासून चिमणी-चिमणी करत घोकते आहे. सात गुलाब नेईन. एकच राहिलं: व्याह्यांना काय म्हणायचं?

प्रतिसाद १

'प्रियातेल्यु'. मित्राला हाक मारायचाही हाच शब्द आहे.