विषय: कूपनांची फाईल मुंबईला न्यावी का?

नमस्कार मंडळी,
पुढच्या महिन्यापासून वर्षभर आमचा मुक्काम अंधेरीला. दुकानातल्या सवलतीच्या कागदी कूपनांची माझी कप्प्याकप्प्यांची फाईल सगळ्यांनी पाहिली आहे, पिकनिकला चेष्टाही करून झाली आहे. तिकडे तिचा काही उपयोग? मावशी, तुम्हीच सांगा.
– फाईलवाली, न्यू जर्सी

उत्तर:
अगं, फाईल तिथेच राहू दे. माझ्यासारख्या जुन्या मुंबईकराला कूपन म्हटलं की आठवतं ते लोकलचं, स्टेशनवरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचं. अमेरिकेतून इथे परत आल्या आल्या वाण्याला विचारलं, "कूपन चालतं का?" तो म्हणाला, "कूपन कशाला मावशी, पाच रुपये कमी द्या!"

आता कूपन म्हणजे फोनमधला कोड. "२० टक्के सूट, कमाल १०० रुपये" यातला "कमाल" आधी वाच. ५०० च्या पुढे कितीही सामान घे, दमडी जास्त सुटत नाही. मी ११०० चं भरलं, सूट पडली जेमतेम ९ टक्के. "किमान" तर त्याहून लबाड. यादी ४२० ची, अट ४९९ ची, सूट ५०. अट गाठायला १२० चा कसलासा सॉस घेतला आणि बिल ४९० झालं. म्हणजे ७० रुपये जास्तच गेले. सॉस अजून फ्रिजच्या दारात उभा आहे, ह्यांनी एकदा वास घेतला तेवढाच.

तेव्हापासून यादी आधी, कोड मागून. फ्रिजवर एक कागद लावलाय: कोड, किमान, कमाल, शेवटची तारीख. लवकर संपणारा वर. संपला की काट मारायची.

एक सुख मात्र आहे. तिकडे शाम्पूला कंपनीचं कूपन लावलं तरी टॅक्स मूळ किमतीवर लागायचा. इथे एमआरपीत कर धरलेलाच असतो. शिवाय बऱ्याच पाकिटांवर ग्रॅममागे भावही छापतात, अगदी बारीक अक्षरात. चष्मा लावून तो बघ. मोठं पाकीट स्वस्तच पडतं असं नाही.
– पार्ल्याहून, तुमची माजी खजिनदार

उत्तर:
फाईलवाली, मग ती फाईल वर्षभर माझ्याकडे ठेव. परत करीन, पण आतली कूपनं मागू नकोस.
– फराळ समिती, एडिसन