मदत हवी आहे : एकविसाव्या वर्षीही वयात आल्याची लक्षणे नाहीत

माझे वय २१ असून आवाज अजून फुटलेला नाही, मिसरूडही नाही. फोनवर अनोळखी माणसे आजही मला "ताई" म्हणतात. मुलगा १४ वर्षांचा होईपर्यंत वयात येण्याची सुरुवात झाली नाही, तर तपासणी करावी लागते, हे मला अलीकडेच कळले. तोवर "काही मुले उशिरा वाढतात, वाट पाहा" एवढेच ऐकण्यात सात वर्षे गेली आणि त्याचे दुःख अजून ओसरलेले नाही.

गेल्या महिन्यातील रक्ततपासणीत टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) फार कमी आले आणि अशा वेळी जे वाढायला हवे होते, ते एलएच आणि एफएसएचही (वृषणांना चालना देणारी पिट्युटरी ग्रंथीची संप्रेरके) कमीच निघाले. शिवाय दूध करपले तरी मला त्याचा वास कधीच येत नाही (घरी ही जुनी सर्दी समजली जाई). कालमन सिंड्रोम या जन्मजात विकारात संप्रेरकांची कमतरता आणि वास न येणे या दोन्ही गोष्टी एकत्र आढळतात, म्हणून मला त्याचीच शंका येते.

ज्यांना असे निदान झाले आहे, त्यांनी कृपया सांगावे, की एंडोक्रायनॉलॉजिस्टने (संप्रेरकतज्ज्ञाने) मेंदूचा एमआरआय, हाडांची घनता यांपैकी कोणत्या तपासण्या केल्या, आणि उपचारानंतर आवाज बदलायला किती काळ लागला? पुढे मूल हवे असल्यास टेस्टोस्टेरॉनऐवजी गोनाडोट्रोपिनची (एलएच-एफएसएचसारख्या संप्रेरकांची) इंजेक्शने कोणी घेतली आहेत का?