कुलूपबंद टॅब आणि फोन: तुमचे अनुभव लिहा

माळ्यावरची ट्रंक
दसऱ्याची साफसफाई काढलीय. माळ्यावरून लेकीचा टॅब निघाला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये एका शिकवणीवाल्या कंपनीने हप्त्यावर गळ्यात मारलेला. त्यात फक्त त्यांचंच ॲप. ब्राउझर नाही, गॅलरी नाही, कॅल्क्युलेटरही नाही. गणित शिकवणाऱ्या टॅबमध्ये! सेटिंगमध्ये गेलं की 'तुमच्या संस्थेने ही सुविधा बंद केली आहे'. संस्था कोण बाबा? हप्ते तर मी भरले. आता कंपनीचा फोन लागत नाही आणि ॲप नुसतं गोल गोल फिरतंय. काच मात्र कोरी करकरीत, त्यामुळे टाकवतही नाही. तुमच्याकडे असले डबे आहेत का?

गवती चहा
सेम टू सेम. सासूबाई त्यावर लसूण सोलतात.

खटपट्या
रिसेट मारून बघितला का? बंद करून पॉवर आणि आवाजाचं बटण एकत्र दाबायचं.

माळ्यावरची ट्रंक
मारला ना. वायफाय मिळाल्याबरोबर पहिलं त्यांचंच ॲप उतरवून घेतो. पुन्हा तीच संस्था.

खटपट्या
मग तो विकतानाच त्यांच्या नावावर नोंदवलाय, ऑफिसच्या फोनसारखा. त्यांनी नोंद काढली तरच सुटणार. लसूणच सोला.

पांढरा रस्सा
तुम्ही कालची पोरं. २००३ चा ५०१ रुपयेवाला फोन आठवतोय का कुणाला? सिमच नव्हतं त्यात, नंबर फोनलाच चिकटलेला. दुसऱ्या कंपनीत जायचं तर फोन टाकून जायचं. तरी शर्टाच्या खिशात दिसेल असा ठेवून गावभर मिरवलोय.

संत्री_न्यूजर्सी
आमच्याकडे उलटं, सिम होतं पण दुसरं चालायचं नाही. भावासाठी हौसेने इथून फोन नेला, नागपुरात सिम टाकलं तर 'अवैध सिम'. आणि जानेवारी २०१३ पासून तर नवा फोन कंपनीला न विचारता अनलॉक करणं इथे चक्क बेकायदा होतं! ऑगस्ट २०१४ मध्ये कायदा झाला तेव्हा सुटलं. भाऊ अजून टोमणे मारतो.

पांढरा रस्सा
नागपुरात कुठं? आमची मेव्हणी धरमपेठेत असते.

संत्री_न्यूजर्सी
महाल. पण आता तिथं कोणीच नाही.

ओसरी
बाबांचा फोन. ते गेल्यावर पॅटर्न कुणालाच माहीत नव्हता. भाच्याने उत्साहाने रिसेट केला, फोटो गेले, वर आता आधीचं खातं मागतोय. सेंटरवाले म्हणतात मूळ बिल आणा. बिल कुठे ठेवलंय ते बाबांनाच माहीत.

गवती चहा
अगं 😔

खटपट्या
अँड्रॉइड ५.१ पासून ती सोय आहे, २०१५ ची. चोरीचा फोन विकता येऊ नये म्हणून. फोटो बॅकअपला गेले असतील कदाचित. त्यांचं सिम चालू आहे का? ओटीपीने खातं उघडून बघता येईल.

ओसरी
रिचार्ज केला नाही म्हणून बंद झालं हो. कुणाच्या डोक्यात येतं तेव्हा.

बांधावरचा
आमच्या जमिनीची केस चालूय म्हणून कॉल रेकॉर्डिंग पाहिजे होतं. मे २०२२ पासून प्ले स्टोअरवर तसली ॲपं चालत नाहीत. फोनमधलं चालू केलं तर ती बाई मध्येच बोलते, 'हा कॉल रेकॉर्ड केला जात आहे'. चुलता लगेच जमिनीचं सोडून माझ्या शुगरची चौकशी करायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा.

पांढरा रस्सा
🤣🤣 शुगर किती निघाली?

ताईंची_लेक
आई अंगणवाडी सेविका. सरकारी फोन, २ जीबी रॅम, पोषण ट्रॅकर (पोरांच्या वजन-आहाराच्या नोंदीचं सरकारी ॲप) टाकला की फोन इस्त्रीसारखा तापायचा. ॲप इंग्रजीत. वजनं भरायची कुणी? मी, दहावीचा अभ्यास सोडून. २०२१ ला राज्यभर सेविकांनी फोन परत केले तेव्हा आईपण गेली होती. घरी येऊन म्हणाली, बरं वाटलं, आता झोपते. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

टपरी
हप्ता ४ दिवस चुकला तर फायनान्सवाल्यांनी माझा फोनच लॉक केला. हप्ता भरायचं ॲप त्याच फोनमध्ये.

बांधावरचा
मग?

टपरी
बायकोच्या फोनवरून भरला. तिला हप्ता माहीत नव्हता. ते लॉक अजून उघडलेलं नाही.

गवती चहा
लसणाचं कुणी विचारत नाहीये पण सांगते, कोमट पाण्यात टाकला की साल पटकन निघते.

माळ्यावरची ट्रंक
@गवती चहा बायको शेजारी बसून हे वाचतेय आणि टॅबकडे बघतेय. तिला म्हटलं थांब, नुकताच १८ टक्के चार्ज झालाय.